डोक्यावरचें ऊन आणि डोक्यावरचा मान

रावेरच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक गोल लांकडी पेटी होती. दसऱ्याच्या दिवशीं ती खालीं काढीत, आणि जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली एक लाल पगडी आम्हां मुलांना दुरून दाखवीत. तिची जरीची कड काळवंडलेली होती. तरी तिला हात लावण्याची परवानगी कोणास नसे. त्याच खोलींत भिंतीच्या खुंटीवर दुसरी एक वस्तु लोंबत असे. ती म्हणजे भुसावळास रेल्वेंत नोकरी केलेल्या आमच्या धाकट्या आजोबांची खाकी सोला हॅट. तिच्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली होती, आणि आंतल्या कातडी पट्टीला अजून घामाचा वास येत असे. पगडीला पेटी आणि हॅटला खुंटी, असा हा भेद कां, हें विचारण्याइतकी समज तेव्हां आम्हांला नव्हती. पुढें ती आली, तेव्हां लक्षांत आलें कीं, त्या दोन वस्तूंच्या मधल्या हातभर अंतरांत खानदेशचा दीडदोनशें वर्षांचा इतिहास बसलेला आहे. आज आपणांपुढें मला त्याच अंतराविषयीं बोलावयाचें आहे.

आरंभ हवेपासून करूं. माणसानें डोकें प्रथम झांकलें तें मानासाठीं कीं उन्हासाठीं, हा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. रावेरच्या माणसाला त्याचें उत्तर चैत्र-वैशाखांत आपोआप मिळतें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मध्यें काळ्या जमिनीचा सपाट पट्टा. एप्रिल-मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि दुपारच्या वेळीं रस्त्यावर कुत्रेंहि दिसत नाहीं. ज्या केळीच्या बागांमुळें रावेर-यावल भागाचें नांव दूरवर झालें, त्या बागांनाहि ह्या दिवसांत गरम वाऱ्यापासून वांचविण्यासाठीं कडेनें झाडांचा आडोसा करावा लागतो. जेथें केळीला कुंपणाचा आडोसा लागतो, तेथें माणसाच्या टाळूची काय कथा?

पाश्चात्य देशांत डोक्यावरच्या वस्त्राचें एक कडक पंचांग असे. उन्हाळ्यांत गवताची हॅट, थंडींत फेल्टची हॅट, असा तो नियम. न्यूयॉर्क शहरीं सप्टेंबरच्या १५ तारखेनंतर गवताची हॅट घालणें हें गांवंढळपणाचें लक्षण समजत. १९२२ सालीं तर टवाळ पोरांच्या टोळ्यांनीं ती तारीख उजाडण्याची वाटहि पाहिली नाहीं. लोकांच्या डोक्यावरच्या गवती हॅटा हिसकावून त्यांनीं पायाखालीं तुडविल्या, मारामाऱ्या झाल्या, पोलिसांना धरपकड करावी लागली, आणि हा दंगा कित्येक दिवस चालला. आपणांस हें वाचून हंसूं येतें. परंतु डोक्यावर काय घालावें ह्याचा निर्णय माणूस एकटा करीत नसून त्याच्या भोंवतालचा समाज करीत असतो, ही गोष्ट ह्या क्षुल्लक दंग्यानें जितकी स्पष्ट होते, तितकी मोठमोठ्या ग्रंथांनीं होत नाहीं.

ह्या दोन्ही हॅटांचे गुण मात्र खरे होते. उत्तम गवती हॅट म्हणजे पनामा. नांव पनामाचें असलें, तरी ती विणली जाते दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशांत, तोकिया नांवाच्या वनस्पतीच्या पात्यांच्या बारीक तंतूंपासून. पनामाच्या मार्गानें ती जगाच्या बाजारांत गेली म्हणून वाटेचें नांव तिला चिकटलें, आणि विणणाऱ्याचें नांव मागें राहिलें. २०१२ सालीं ह्या विणकामाला युनेस्कोनें जगाच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. फेल्टची गोष्ट निराळी. फेल्ट म्हणजे विणलेलें कापड नव्हे. लोकर किंवा सशाची लव ऊब, ओल आणि दाब ह्यांच्या योगानें एकमेकींत गुंतवून तें करतात. लोकर दाबून केलेला आपला बुरणूस ही त्याचीच देशी जात. युरोप-अमेरिकेंत ती लव तयार करण्यासाठीं पाऱ्याचें द्रावण वापरीत, आणि त्याच्या वाफेनें कारागिरांचे हात कांपूं लागत, वाचा अडखळे, बुद्धीला भ्रम होई. अमेरिकेंत ही रीत बंद व्हावयास १९४१ साल उजाडलें. दिवाणखान्यांतल्या खुंटीवर सुबक दिसणाऱ्या त्या हॅटमागें असे दुसऱ्याचें हरपलेलें आरोग्य असे.

आमच्या खानदेशांत असें पंचांग छापलेलें नव्हतें, पण पाळलें जात होतें. उन्हाळ्यांत जाड्या पांढऱ्या सुताचें पागोटें किंवा रुमाल. परक्या माणसाला वाटतें, एवढ्या उकाड्यांत डोक्यावर हा भारा कशाला? परंतु पागोट्याच्या पदरापदरांत हवा अडकून राहते, आणि ही अडकलेली हवाच उन्हाची झळ टाळूपर्यंत पोंचूं देत नाहीं; शिवाय कापडांत मुरलेला घाम सुकतां सुकतां गारवा देतो. पागोट्याचा एक पदर कानांवरून हनुवटीखालीं घेतला कीं लू बाधत नाहीं. विहिरीवर दोर नसेल तेव्हां तेंच पागोटें तांब्याला बांधून पाणी काढावें, वाटेंत झोंप आली तर त्याची उशी करावी, बाजारांतून परततांना त्यांत दाणे बांधावे, आणि पाय मुरगळला तर त्याचीच पट्टी फाडावी. पावसाळ्यांत घोंगडीची, आणि पुढें गोणपाट स्वस्त झाल्यावर गोणपाटाची खोळ. कोंकणांतल्या माणसाला जें काम बांबूचें आणि पानांचें इरलें देई, तें आमच्याकडे ही खोळ करी. हिंवाळ्यांत म्हाताऱ्यांना कानटोपी आणि तान्ह्यांना कुंची. ऋतूंची ही व्यवस्था इतकी सोयीची होती कीं, तिच्यांत कोणाला कांहीं बदलावें असें वाटण्याचें कारण नव्हतें. बदल झाला तो ऋतूंमुळें नव्हे, तर सत्तेमुळें.

ह्याचें कारण असें कीं, पागोटें ऊन तर अडवीच, पण त्याहून अधिक बोलत असे. मुंडासें, पागोटें, फेटा, पटका, रुमाल, मंदील, पगडी, हे शब्द आज आपण एकाच अर्थानें वापरतों. पूर्वीं तसें नव्हतें. पागोटें रोज हातानें बांधावें लागे. पगडी म्हणजे कारागिरानें एकदां बांधून, टांचून कायमची केलेली. मंदील म्हणजे जरीचें भरजरी वस्त्र, तें दरबाराचें. शेतकऱ्याचें घाईघाईनें गुंडाळलेलें तें मुंडासें. पुणेरी चक्री पगडी निराळी, शिंदेशाही निराळी, होळकरांची निराळी. पिळाच्या वळणावरून माणसाचा मुलूख, धंदा आणि जात हीं दहा पावलांवरून ओळखतां येत. भाषेंतहि ह्याच्या खुणा उरल्या आहेत. दरबारानें डोक्यापासून पायापर्यंत वस्त्रें दिलीं तर तो शिरपाव. दोघांनीं पगड्यांची अदलाबदल केली तर ते भाऊ. आणि पक्ष बदलला तर पगडी फिरविली. लग्नांतल्या मानाला आपण शेला-पागोटें म्हणतों, आणि आमच्या खेड्यापाड्यांत आजहि सोयऱ्याचा सत्कार व्हावयाचा तो टॉवेल-टोपीनेंच होतो. कोणी घेत नाहीं अशी टोपी, कोणी वापरीत नाहीं असा टॉवेल. पण तीं दिलीं नाहींत तर मात्र पिढ्यानुपिढ्या बोल लागतो.

आतां रावेरकडे येऊं. श्रोत्यांपैकीं बहुतेकांना रावेर म्हणजे केळीचे वाफे आणि आगगाडीच्या केळीनें भरलेल्या वाघिणी एवढेंच माहीत असेल. परंतु केळीच्या आधीं रावेरची प्रसिद्धि दुसऱ्याच गोष्टीसाठीं होती. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी गॅझेटियरांत रावेरची नोंद आहे ती सोन्याच्या तारेसाठीं आणि देशी पोषाखाच्या वस्त्रांसाठीं. हें आश्चर्याचें नाहीं. कारण येथून कांहीं कोसांवर बऱ्हाणपूर आहे. फारुकी सुलतानांची ती राजधानी, आणि पुढें मोंगलांच्या खानदेश सुभ्याचें मुख्य ठाणें. सतराव्या शतकांत तावर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या ह्या शहरांतून गेला. येथलें तलम, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जातें, आणि त्यांत सोन्यारुप्याची तार घालतात, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. आपल्या तापीकांठचें सूत त्या काळीं पोलंडांतल्या बायकांच्या डोक्यावर होतें, हें आज किती जणांना ठाऊक आहे?

ही तार करण्याची कृति पाहण्यासारखी असे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवावयाचा. मग ती कांब तापवून, ठोकून, भोंकें पाडलेल्या पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोंकांतून ओढीत न्यावयाची. ओढतां ओढतां ती केसासारखी होते, तरी वरचें सोनें फाटत नाहीं. चांदीबरोबर तेंहि ताणलें जातें. मग ती तार ठोकून चपटी करावयाची आणि रेशमाच्या धाग्याभोंवतीं गुंडाळावयाची. असा तयार झाला तो कलाबतू. त्याची कड पागोट्याला लागली कीं, सुताचें वस्त्र दरबाराचें होई. सोनें किती थोडें, आणि त्यानें मान केवढा वाढे! ज्यानें ती तार ओढली त्याच्या डोक्याला मात्र बहुधा साधें मुंडासेंच असे.

१७६३ सालीं राक्षसभुवनच्या लढाईंत निजामाचा पराभव झाला. त्याच सालीं रावेर निजामाकडून पेशव्यांकडे आलें, आणि पेशव्यांनीं तें होळकरांच्या घराण्यास दिलें. म्हणजे ज्या दरबारांना पगड्या आणि मंदील लागत, त्या दरबारांशीं रावेरचा संबंध सरळ जडला. हा धंदा दोन खांबांवर उभा होता. एक दरबार आणि दुसरी लग्नसराई. १८१८ सालीं पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि पहिला खांब खचला. दरबार नाहीं तेथें शिरपाव नाहीं; शिरपाव नाहीं तेथें मंदील कोणी विणावा? पुढें गिरण्यांचें कापड आलें, खोटी जर आली, आणि दुसरा खांबहि पोंखरला गेला. रावेरचा कलाबतू कोणत्या दिवशीं संपला असें सांगतां येत नाहीं. असे धंदे मरतात ते एका दिवसांत मरत नाहींत. मुलगा बापाच्या ओट्यावर बसेनासा होतो, एवढेंच घडतें.

ज्यांनीं हा बदल घडविला त्यांना आपल्या पूर्वजांनीं नांव दिलें तेंहि डोक्यावरूनच. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रें अठराव्या शतकाच्या आरंभीचीं. त्यांत फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस ह्या सर्वांना मिळून एकच शब्द आहे, टोपीकर. ह्यांचा धर्म, ह्यांची भाषा, ह्यांचें राज्य ह्यांपैकीं कशाचाहि उल्लेख नाहीं. टोपी घालतात ते टोपीकर. हे व्यापारी वाटले, तरी ह्यांच्या मागें राज्यें आहेत, हा इशारा अमात्यांनीं त्याच ग्रंथांत देऊन ठेवला होता. तो कोणी मानला नाहीं, आणि शंभर वर्षांत टोपीकर सरकार झाले.

१८६० च्या दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे खानदेशांत आली. भुसावळला मोठें जंक्शन झालें, इंजिनांचे कारखाने झाले, साहेबांच्या आणि अँग्लो-इंडियन कामगारांच्या वसाहती झाल्या. आणि भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या रुळांवर निंभोरा, सावदा, रावेर हीं स्टेशनें लागलीं. ह्या आगगाडींतून आमच्या भागांत सोला हॅट उतरली. ही हॅट खरें पाहतां विलायती मुळींच नव्हे. बंगालच्या दलदलींत शोला नांवाचें एक झुडूप होतें. त्याचा आंतला गाभा पांढराशुभ्र, अत्यंत हलका आणि हवेनें भरलेला असतो. बंगाली नवऱ्या मुलाचा टोपोर नांवाचा मुकुट ह्याच गाभ्याचा करतात. साहेबानें त्यावर खाकी कापड चढविलें आणि त्याची हॅट केली. नांवांतल्या सोल्याचा पुढें इंग्रजी सूर्याशीं घोंटाळा होऊन लोक तिला सोलर हॅट म्हणूं लागले. हिंदुस्थानचें ऊन गोऱ्या कवटींत शिरलें तर मृत्यु ठेवलेला, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती, म्हणून हॅटवांचून साहेब अंगणांतहि येत नसे. दुसऱ्या महायुद्धांत हजारों गोरे शिपाई तिच्यावांचून उन्हांत वावरले आणि त्यांना कांहीं झालें नाहीं. तेव्हां ती समजूत मागें पडली, आणि तिच्याबरोबर हॅटहि. म्हणजे ह्या हॅटेंत ऊन अडविण्याचा गुण होता खरा. पण तिच्या खालीं जें डोकें होतें, त्यांत उन्हापेक्षां सत्तेचा विचार अधिक होता.

हॅट आली ती एकटी आली नाहीं. तिच्याबरोबर मानाची एक उलटी रीत आली. आपल्याकडे वडील माणसासमोर, देवासमोर, दरबारांत डोकें झांकलेलें असणें हा आदर. बोडक्या डोक्यानें चारचौघांत जाणें हें अशुभ आणि असभ्य. साहेबाकडे ह्याच्या उलट; आदर म्हणजे हॅट काढणें. ह्या दोन रीती एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या म्हणजे काय होई, ह्याचें उदाहरण महात्माजींच्या आत्मकथेंत आहे. १८९३ सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत डर्बनला उतरले, आणि दोनतीन दिवसांतच तेथल्या कोर्टांत जाऊन बसले. मॅजिस्ट्रेटानें त्यांच्याकडे टक लावून पाहिलें आणि पागोटें काढण्यास सांगितलें. त्यांनीं तें नाकारलें आणि ते कोर्टांतून उठून गेले. पुढें त्यांच्या मनांत आलें कीं, ही अपमानाची कटकट टाळण्यासाठीं इंग्रजी हॅटच कां घालूं नये? त्यांना परावृत्त केलें तें दादा अब्दुल्ला शेटांनीं. तुम्ही हॅट घातली तर जे देशी पागोट्याचा आग्रह धरून बसले आहेत त्यांचा धीर सुटेल, असें त्यांचें म्हणणें पडलें. तेव्हांपासून डोक्यावरचें वस्त्र हा ज्याचा त्याचा प्रश्न राहिला नाहीं. मागें उभ्या असलेल्या माणसांचाहि झाला.

परंतु येथें आपण आपल्या घराकडेहि पाहिलें पाहिजे. साहेबानें आपलें पागोटें काढावयास लाविलें, ह्याचा आपणांस राग येतो. मग आपल्याच गांवांत ज्यांना डोक्यावर कांहींहि घातलें तरी मान मिळत नव्हता, त्यांचें काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लहानपणची एक हकीकत लिहून ठेवली आहे. १९०१ सालीं ते आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगांवीं निघाले. प्रवासासाठीं मुलांना विलायती सदरे, रेशीमकांठी धोतरें, नवे जोडे आणि चमकदार भरजरी टोप्या घेतल्या होत्या. मसूर स्टेशनावर तीं उतरलीं. न्यावयास कोणी आलें नव्हतें. स्टेशनमास्तरनें पोषाख पाहिला आणि हीं ब्राह्मणाचीं मुलें असावींत असें समजून आपुलकीनें चौकशी केली. आपण महारांचीं मुलें आहोंत असें त्यांनीं सांगतांच मास्तरचा चेहरा बदलला आणि तो मागें सरला. गाडीवान गाडी देईनात. शेवटीं दुप्पट भाडें घेऊन एक जण तयार झाला, तोहि अशा अटीवर कीं, बैल मुलांनीं हांकावे आणि आपण पायीं चालावें. टोपी तीच, डोकें तेंच; बदललें तें फक्त पाहणाऱ्याचें मन. ह्यानंतर अठ्ठावीस वर्षांनीं, १९२९ सालीं, तेच आंबेडकर बॅरिस्टर होऊन सरकारी समितीच्या कामासाठीं आपल्या खानदेशांत आले होते. परततांना चाळीसगांवीं उतरले, आणि तेथल्या एकाहि टांगेवाल्यानें त्यांना टांग्यांत घेतलें नाहीं. हांकण्याची संवय नसलेल्या एका अस्पृश्य बांधवानें टांगा हांकला, आणि पुलावर अपघात होऊन त्यांचा पाय मोडला. ह्या दोन्ही हकीकती त्यांनीं एकाच लेखांत दिल्या आहेत. बाबासाहेबांचीं हॅट घातलेलीं छायाचित्रें पाहून साहेबी थाट म्हणून जे नाक मुरडीत, त्यांनीं मसूरचें स्टेशन आणि चाळीसगांवचा पूल आठवावा. ज्या पागोट्यानें त्यांना कधीं मान दिला नाहीं, त्याचा अभिमान त्यांनीं कां वाहावा?

मानाच्या ह्या बाजाराला कंटाळून विदर्भांतल्या एका साधूनें वेगळीच टोपी केली होती. गाडगे महाराज डोक्यावर मडक्याचें खापर घालीत. त्याच खापरांत भाकरी घ्यावी, त्यांतच पाणी प्यावें, आणि मग तेंच पालथें डोक्यावर ठेवून हातीं खराटा धरावा. ऊन अडवावयास तें पुरेसें होतें, आणि त्यावरून जात ओळखण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

सर्वांना एकच टोपी, हा विचार राजकारणांत आणला तो गांधीजींनीं. १९२० च्या सुमारास त्यांनीं खादीची पांढरी घडीची टोपी घालण्यास आरंभ केला. तिच्यामागचा विचार काकासाहेब कालेलकरांनीं नोंदून ठेवला आहे. त्यांनीं निरनिराळ्या प्रांतांतलीं शिरोवस्त्रें डोळ्यांपुढें आणून पाहिलीं. पागोट्याला कापड फार लागतें आणि त्यांत मळ लपतो. काश्मिरी टोपी सुटसुटीत, घडी करून खिशांत ठेवतां येते. पण तिचा रंग पांढरा हवा, म्हणजे घाम दिसेल, आणि दिसला म्हणजे ती धुतली जाईल. किती साधा विचार! पगडी मळ झांकी, म्हणून ती पिढ्यानुपिढ्या न धुतां चाले. ही टोपी मळ दाखवी, म्हणून ती रोज धुवावी लागे. ज्यांच्या नांवानें ही टोपी ओळखली गेली, त्यांनीं मात्र १९२१ सालीं पंचा नेसल्यापासून तीहि टाकली आणि उघड्या डोक्यानें देशभर हिंडले. पण तोंवर ती हजारों डोक्यांवर पोंचली होती. कचेऱ्यांत तिला मनाई झाली. आणि १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हां तर डोक्यावर पांढरी टोपी असणें हेंच मार खाण्यास पुरेसें कारण होतें. तीन आण्यांच्या कापडाला साम्राज्य भिऊं लागलें. टोपीकरांना अखेर टोपीनेंच गांठलें.

त्याच दशकांत दुसऱ्या देशांत ह्याच्या उलट नाटक झालें होतें. तुर्कस्तानांत १८२९ सालीं सुलतान महमुदानें पागोटीं काढवून अधिकाऱ्यांच्या डोक्यावर तांबडी फेल्टची फेझ टोपी चढविली. तेव्हां ती सुधारणेची खूण होती. हीच टोपी आपल्याकडे तुर्की टोपी म्हणून आली. मग १९२५ सालीं केमाल पाशानें कायदा करून तीच फेझ जुनाटपणाची खूण म्हणून बंद केली आणि हॅट सक्तीची केली. एका पिढीची सुधारणा ती पुढच्या एका पिढीची बेडी होते, हा धडा त्यांत आहे. तथापि तेथें टोपी बदलली ती कायद्यानें. आपल्याकडे ती बदलली कायदा मोडून.

ही लाट रावेरच्या उंबऱ्याशीं आली ती १९३६ सालीं. डिसेंबरच्या २७ आणि २८ तारखांना शेजारच्या फैजपूर येथें कॉंग्रेसचें अधिवेशन भरलें. शहर सोडून खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. बांबू, तट्टे आणि गांवांत मिळेल तेवढ्याच साहित्यांतून नंदलाल बोस ह्यांनीं मंडप आणि कमानी सजविल्या. रावेर तालुक्यांतील खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी ह्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनीं त्यासाठीं रात्रीचा दिवस केला. आमचे आजोबा पेटींतली पगडी घालून रावेरहून सावद्यापर्यंत गाडीनें आणि पुढें पायीं फैजपूरला गेले, आणि परत आले ते पांढरी टोपी घालून. पगडी उपरण्यांत गुंडाळलेली होती. आजीनें घाबरून विचारलें, पगडी पडली कां? आजोबा म्हणाले, पडली नाहीं, उतरली. त्या दिवसापासून ती पेटींत गेली.

धाकटे आजोबा फैजपूरला आले नाहींत. त्यांची नोकरी सरकारी रुळांवरची. चार मुलांचें पोट त्या हॅटवर चालत होतें. पांढऱ्या टोपीनें खाकी हॅटला उंबऱ्यावर दोन शब्द सुनावले, आणि दोघां भावांत त्यानंतर अकरा वर्षें बोलणें नव्हतें. थोरल्याच्या टोपीच्या अभिमानाला तेव्हां किंमत मोजावी लागली नाहीं, कारण घरची शेती होती. धाकट्याच्या हॅटेंत लाचारी होती असें सर्वांनीं मानलें, पण दुष्काळांत त्याच हॅटच्या पगारावर दोन्ही चुली पेटल्या, हें कोणी मोठ्यानें म्हटलें नाहीं. ही गोष्ट मला वडिलांनीं सांगितली ती फार उशिरां. पगडीला पेटी आणि हॅटला खुंटी कां, ह्याचें उत्तर तें होतें. इतिहासांत आपण टोप्या मोजतों. टोपीखालच्या माणसाला किती पर्याय होते, हें मोजावयाचें राहून जातें.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही वस्तु हळूहळू उतरल्या. हॅट गेली, पगडी नाटकांत आणि सत्कारांत उरली. पुणेरी पगडीला २००९ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें, म्हणजे ती कागदोपत्रीं वारसा झाली. फेटा आज लग्नाच्या दिवशीं भाड्यानें बांधून मिळतो आणि संध्याकाळीं परत जातो. पांढरी टोपी पुढाऱ्यांच्या डोक्यावर फार दिवस राहिली. तिच्यावरचा मळ दिसावा म्हणून ती पांढरी केली होती, ही आठवण मात्र तितके दिवस राहिली नाहीं. आतां बहुतेकांचीं डोकीं उघडीं आहेत, आणि त्यांत मला वाईट कांहीं वाटत नाहीं. डोक्यावरून जात ओळखण्याची एक सोय तरी त्यामुळें गेली.

ऊन मात्र गेलेलें नाहीं. वैशाखांत रावेरच्या बाजारांत आपण गेलांत, तर पांढऱ्या सुती रुमालांच्या थप्प्या लागलेल्या दिसतील. त्याला लोक बागायती रुमाल म्हणतात. केळीचा घड कापणारा मजूर, बागेचा मालक, मोटारसायकलवरून कॉलेजांत जाणारा मुलगा, सगळ्यांच्या डोक्यावरून आणि कानांवरून तो एकसारखाच गुंडाळलेला असतो, आणि मुलीहि आपलीं तोंडें तसल्याच सुती ओढण्यांनीं बांधून घेतात. त्याला जर नाहीं, पीळ नाहीं, घराणें नाहीं. १९४७ सालच्या पावसाळ्यानंतर आमचे दोघे आजोबा पुन्हां एकत्र बागेंत जाऊं लागले, तेव्हां दोघांच्याहि डोक्यावर हाच रुमाल असे, असें वडील सांगत. दुरून पाहणाऱ्याला थोरला कोण आणि धाकटा कोण, हें ओळखतां येत नसे.

आमची ती लांकडी पेटी आतां माझ्याकडे आहे. मागच्या दसऱ्याला मीं ती उघडली, पगडी बाहेर काढली, आणि हॅटवरची धूळ पुसून तीहि तिच्याशेजारीं आंत ठेवली. पेटी जराशी लहान पडली. पण झांकण बसलें.